चांदीवरची अक्षरं

दारू माझ्या घरात कधी आली नाही. पण तिच्या सुरईच्या गळ्यातल्या चांदीच्या पाटीचं मला फार कुतूहल.

इंग्लंडमध्ये १७३० च्या दशकात ही पाटी श्रीमंतांच्या मेजावर आली. मद्य बाटलीतून काचेच्या सुरईत ओतून वाढत. पोर्ट कोणतं, मदिरा कोणतं हे कळावं म्हणून नाव कोरलेली छोटी पाटी साखळीनं सुरईला अडकवत. तिला ‘बॉटल तिकीट’ म्हणत.

अशा पाट्या घडवणाऱ्यांत लंडनची हेस्टर बेटमन होती. १७६० मध्ये नवरा वारला, हत्यारं हिच्याकडे आली. १७६१ मध्ये तिनं स्वतःच्या आद्याक्षरांचा ठसा नोंदवला. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, असं सांगतात. तरी तिच्या कारखान्यातून अक्षरं बाहेर पडत राहिली.

१८६०-६१ च्या कायद्यांनी किरकोळ दुकानदारांना सुटी बाटली विकायची मुभा मिळाली. बाटलीवर कागदी लेबल आलं आणि चांदीची पाटी मागं पडली. पुढं ती संग्राहकांनी जपली. १९५२ मध्ये त्यांचं ‘वाइन लेबल सर्कल’ हे मंडळही स्थापन झालं.

संग्राहक पाटीवरचं नाव वाचतो, मग तिच्यावरचा कारागिराचा ठसा शोधतो. नाव ज्या मद्याचं, ते केव्हाच संपलं. हेस्टरची दोन अक्षरं मात्र अजून वाचता येतात.