साक्षर गावाचा गौरव

शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षात मुलांच्या शिक्षणाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु ज्यांना बालपणी शाळेची पायरी चढता आली नाही, त्या प्रौढांच्या शिक्षणालाही इतिहास आहे. त्याची नोंद या ग्रंथात व्हावी, यासाठी हा लेखनप्रपंच.

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी 1855 साली पुण्यात शेतकरी व मजूर स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा काढली. तथापि सुमारे शंभर वर्षांनी, 1951 च्या जनगणनेत, देशातील साक्षरतेचे प्रमाण अवघे 18.33 टक्के भरले. स्त्रियांमध्ये ते 8.86 टक्केच होते.

ज्या 1959 साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली, त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. एकेकट्या निरक्षराला वर्गात बोलावण्याऐवजी सारे गाव साक्षर करण्याचा संकल्प तीत होता. दिवसा मुलांना शिकवणारे शिक्षक रात्री विनामोबदला प्रौढांना शिकवीत. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. साक्षरता हा गावाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न झाल्यामुळे जे केवळ सरकारी आदेशाने साधले नसते, ते लोकांच्या उत्साहाने साधले. पुढे ही मोहीम राज्यभर नेण्यात आली.

तिची उणीवही ध्यानात घेतली पाहिजे. समारंभ आटोपला, वर्ग थांबले आणि वाचायला पुस्तक हाती न राहिल्याने अनेक नवसाक्षर शिकलेली अक्षरे विसरले. शिकवण्याइतकेच शिकलेले टिकवणे अगत्याचे आहे, हा धडा त्यातून मिळाला. 2 ऑक्टोबर 1978 रोजी सुरू झालेला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम व 1988 चे राष्ट्रीय साक्षरता अभियान यांनाही या प्रश्नाला सामोरे जावे लागले.

2011 च्या जनगणनेनुसार छत्तीसगडमध्ये पुरुषांची साक्षरता 80.27 टक्के, तर स्त्रियांची 60.24 टक्के होती. ही वीस टक्क्यांची तफावत रसमडा-भिलाई परिसरात राहणाऱ्या आपणा मराठी कुटुंबांनाही परकी नव्हे. आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींपैकी कित्येकींना आजही अंगठाच उमटवावा लागतो. 2022 पासून केंद्र शासनाचा ‘उल्लास’ कार्यक्रम पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी स्वयंसेवकांच्या बळावर चालू आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी त्यात सहभागी व्हावे आणि शाळेच्या ग्रंथालयातील एक कपाट नवसाक्षरांसाठी खुले करावे, अशी नम्र विनंती आहे.