तेजसचा तोल

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, हे आम्ही बंगळूरकर मराठी मंडळी अभिमानाने सांगतो. आजचे एचएएल ते हेच. तिथल्याच विमानतळावरून ४ जानेवारी २००१ रोजी भारताचे हलके लढाऊ विमान प्रथम उडाले. पुढे २००३ मध्ये त्याला ‘तेजस’ हे नाव मिळाले. त्या पहिल्या उड्डाणामागची कष्टांची कहाणी आमच्या तरुण पिढीने जाणून घ्यावी, असे आम्हांला वाटते.

साधे प्रवासी विमान वाऱ्याने हेलकावले तरी बरेचसे आपणहून सावरते. तेजस मात्र मुद्दामच अस्थिर बांधले आहे. त्याने चपळाई येते. पण बोटावर काठी उभी तोलावी तसे त्याला सतत सावरावे लागते, आणि इतक्या वेगाने ते माणसाच्या हाताला जमत नाही. म्हणून हे काम संगणक करतो. विमान किती कलले, किती वेगाने वळते आहे, हे क्षणोक्षणी मोजून तो पंखांच्या मागच्या पट्ट्या हलवतो. एक बिघडला तरी दुसऱ्याने सांभाळावे म्हणून या यंत्रणेचे चार समांतर मार्ग ठेवले आहेत.

यात चूक झाली तर काय होते, ते स्वीडनच्या ग्रिपेन विमानाने दाखवले होते. फेब्रुवारी १९८९ मध्ये उतरताना आणि ऑगस्ट १९९३ मध्ये स्टॉकहोमच्या प्रदर्शनात ते कोसळले. वैमानिक सावरू पाहतो, यंत्रणा किंचित मागे पडते, आणि दोघांच्या ओढाताणीत झोके वाढतच जातात. हा धोका आकाशात कळून उपयोग नाही. तो जमिनीवरच हुडकावा लागतो.

त्यासाठी १९९२ मध्ये बंगळूरला नियंत्रण-नियम रचणारा राष्ट्रीय गट नेमला गेला. वैमानिक सिम्युलेटरमध्ये बसत. अभियंते वादळी वारा, बिघडलेले उपकरण, अवघड लँडिंग असे प्रसंग समोर ठेवत. कुठे दांडी जड वाटली, कुठे विमान उशिरा वळले, हे वैमानिक सांगत आणि नियम पुन्हा लिहिले जात. १९९६ मध्ये अमेरिकेत एका खास एफ-१६ विमानात हेच नियम घालून ते प्रत्यक्ष हवेतही पारखले गेले.

मे १९९८ मध्ये पोखरणचे अणुस्फोट झाले आणि अमेरिकेने निर्बंध लादले. तिथे काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परतावे लागले. उपकरणे तिकडेच अडकली. उरलेले काम बंगळूरलाच पुरे करावे लागले. ते झाले, आणि विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी विमान सुखरूप उडवून उतरवले.

उपकरणे अडवून ठेवता आली. सिम्युलेटरपुढे वर्षानुवर्षे बसून मिळवलेले ज्ञान मात्र अभियंत्यांबरोबर घरी आले. मुलांना विमान दाखवताना आम्ही हेही सांगावे.