गृहबांधणी, अल्पखर्ची व ऊर्जाबचतीची

स्थानिक साहित्य व कारागिरी यांच्या आधारे, भट्टीचे जळण, सिमेंट, पोलाद आणि लांबची वाहतूक यांवरील खर्च टाळून हवामानास अनुरूप घरे बांधण्याची पद्धती. महाराष्ट्रात तिचा इतिहास विदर्भात विशेष स्पष्टपणे आढळतो.

वडनेर भोलजी (जि. बुलढाणा) ज्या टापूत मोडते, त्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते. येथील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून भिंती व धाबी यांसाठी गावठाणातील पांढरी माती वापरीत. तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचण आणि तीवर पालापाचोळा अंथरून मातीचा जाड थर धोपटीत असत. जाड भिंती व धाबे यांतून दुपारची उष्णता आत पोहोचण्यास काही तास लागतात. टिनपत्र्याचे छप्पर मात्र ऊन पडताच तापते. अर्थात धाबे निर्दोष नव्हते. त्याला पावसाळ्यापूर्वी नवी माती द्यावी लागे, वाळवीचे भय असे आणि सागवान महाग होताच सामान्य कुटुंबाला ते परवडेनासे झाले.

गवंडी, सुतार व कुंभार यांच्या या अनामिक ज्ञानाला वैचारिक बैठक लाभली ती वर्ध्याजवळ. महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी तेथील शेगाव या खेड्यात आले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी नामसाधर्म्य असल्याने टपालाचा घोटाळा होई. म्हणून १९४० मध्ये त्याचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले. तेथील माती, बांबू व कौले यांची बापू कुटी मीराबेन यांनी उभारली. तिच्यावर इव्हान इलिच यांनी जानेवारी १९७८ मध्ये सेवाग्राम येथेच व्याख्यान दिले.

इंग्रज वास्तुविशारद लॉरी बेकर (२ मार्च १९१७–१ एप्रिल २००७) यांची गांधींशी मुंबईत भेट झाली होती. घरासाठी लागणारे साहित्य पाच मैलांच्या परिघातच मिळावे, हा गांधींचा विचार बेकर यांनी जन्मभर प्रमाण मानला. त्यांचे मुख्य कार्य केरळात झाले. विटा उभ्या कडेवर रचून मध्ये पोकळी ठेवणारी त्यांची भिंत सु. २५ टक्के विटा वाचवते, शिवाय पोकळीतील हवा उष्णता अडवते.

वर्ध्यात १९७६ मध्ये देवेंद्रकुमार यांनी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र स्थापन केले. तेथील शंक्वाकार कौलांचे छप्पर हा या क्षेत्रातील सर्वांत कल्पक प्रयोग म्हणावा लागेल. कुंभाराने चाकावर घडविलेली निमुळती पोकळ कौले एकमेकांत बसवून कमान उभी करतात. तीत लाकूड लागत नाही, पोकळीमुळे घर थंड राहते आणि कुंभाराला काम मिळते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी (जि. लातूर) परिसरात झालेल्या भूकंपात सु. ८,००० माणसे दगावली. मातीत रचलेल्या दगडी भिंतींत सांधणारे लांब दगड नव्हते व माळवदांचे वजन प्रचंड होते. दोष बांधणीचा होता. पण बोल लागला तो मातीला. परिणामतः लोकांचा ओढा सिमेंटकडे वळला. प्रधानमंत्री आवास योजना–ग्रामीण (२०१६) हिच्यात घराचे किमान क्षेत्रफळ २० वरून २५ चौ. मी. करण्यात आले, लाभार्थी ठरविताना मात्र मातीची भिंत व मातीचे छप्पर ही ‘कच्च्या’ घराचीच लक्षणे मानली गेली.