सात बिटांचं ओझं

परवा शनिवारी बाबांनी जुना कॉम्प्युटर माझ्या हवाली केला. "विकून टाक, पण त्यातल्या मेल्स माझ्या आत्ताच्या मेलच्या ड्राइव्हवर ठेव. आजीचे फोटो आहेत त्यात." 2003 पासूनच्या सगळ्या मेल्स, मिळून एकच एमबॉक्स फाईल, 1.9 जीबीची. इकडे बाबांच्या फुकटच्या 15 जीबीतली जागा जेमतेम एक जीबी शिल्लक, आणि जागेसाठी पैसे भरणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. म्हणजे फाईल बारीक करणं आलं!

आधी चारेकशे जाहिराती उडवल्या. साईझ होती तेवढीच. एमबॉक्स म्हणजे एकामागून एक मेल चिकटवलेली लांबलचक टेक्स्ट फाईल. डिलीट केलेल्या मेलवर नुसती खूण होते, फाईल 'कॉम्पॅक्ट' करेपर्यंत ती तिथेच पडून असते. कॉम्पॅक्ट केलं, फारसा फरक नाही. खरं वजन अटॅचमेंट्सचं होतं.

आणि इथे इतिहास आडवा येतो. 1982 मध्ये मेल पाठवायचा एसएमटीपी हा प्रोटोकॉल आला, तो सात बिटांच्या आस्की अक्षरांसाठी. फोटो जाणार कसा? नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड या दोघांनी 1992 मध्ये माइम आणलं. (बोरेनस्टाइननी त्याच वर्षी 11 मार्चला आपल्या चौघांच्या गाण्याच्या ग्रुपचा फोटो मेलने पाठवला होता. पहिली माइम अटॅचमेंट ती!) जगभरचे सर्व्हर बदलणं शक्य नव्हतं, म्हणून फोटोलाच अक्षरांचा वेष चढवला. याचं नाव बेस64. तीन बाइट म्हणजे 24 बिट, त्यांचे सहा-सहाचे चार तुकडे, प्रत्येक तुकड्याला एक साधं अक्षर. तिनाचे झाले चार. वर दर 76 अक्षरांनंतर नवी ओळ. एक एमबीचा फोटो मेलमध्ये जवळपास 1.37 एमबी होतो, आणि जपलेल्या मेलमध्ये तसाच राहतो.

मग म्हटलं, जीझिप मारू. हेही 1992 चंच. बेस64 ची सूज उतरली, पण जेपेग मुळातच दाबलेला, तो आणखी काय दबणार? शिवाय जीझिप मागे वळून पाहतं ते फक्त 32 केबीपर्यंत. तोच फोटो पन्नास मेल्सनंतर पुन्हा आला तर त्याला तो नवाच वाटतो! मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज सर्व्हरमध्ये पूर्वी एका डेटाबेसमध्ये अशा गोष्टीची एकच प्रत ठेवायची सोय होती. 2010 च्या आवृत्तीत त्यांनी ती काढूनच टाकली. डिस्क स्वस्त झाली होती, वेग महाग होता.

असो. शेवटी रविवारी पायथनची स्क्रिप्ट लिहिली. अटॅचमेंट्स वेगळ्या काढल्या, प्रत्येकीचा हॅश काढला, दुहेरी प्रती फेकल्या, मेलमध्ये फक्त फाईलचं नाव ठेवलं. 1.9 जीबीचे झाले 640 एमबी. मी खूश :)

बाबांनी एक मेल उघडली. "यात आजीचा फोटो होता ना?"

आजीच्या पंच्याहत्तरीचा फोटो. आत्याने पाठवलेला, काकांनी पुढे ढकललेला, मग मामाने, मावशीने... एकूण 11 प्रती, हॅश सगळ्यांचा एकच. प्रत्येकाने वर दोन ओळी लिहिलेल्या. बाबा त्या ओळी वाचत होते आणि दर वेळी खाली फोटो शोधत होते.

रात्री बसून त्या 11 मेल्समध्ये फोटो परत चिकटवले. फाईल 15 एमबीने वाढली.