सिग्नल कोणाचं ऐकतो?

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना चौकातल्या सिग्नलशी काय देणंघेणं, असं आम्हांला एका गृहस्थांनी विचारलं. सत्तरी ओलांडली की रस्ता ओलांडताना ते आपोआप कळतं.

पहिला सिग्नल लंडनला, पार्लमेंटच्या बाहेर, डिसेंबर १८६८ मध्ये उभा राहिला. सुचवला जॉन पीक नाइट या रेल्वेच्या इंजिनिअरनं. रेल्वेसारखेच आडवे होणारे हात आणि रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे. आणि तो उभारला होता घोडागाड्यांच्या गर्दीतून पायी जाणाऱ्यांना वाट मिळावी म्हणून, हे विसरू नका. खाली पोलीस उभा असायचा आणि रस्ता बघून तो हात हलवायचा. आज आपण ज्याला परिस्थितीनुसार बदलणारा सिग्नल म्हणतो, तो असा पहिल्याच दिवशी होता. बघायचं काम तेवढं माणसाच्या डोळ्यांकडे होतं. महिन्याभरातच गॅसचा स्फोट झाला, पोलीस जखमी झाला आणि प्रयोग आटोपला.

पुढं वीज आली, ठरलेले सेकंद आले. रस्ता रिकामा असो की तुंबलेला, दिवा आपला घड्याळाबरहुकूम बदलणार.

मग यंत्राला कान द्यायचं ठरलं. १९२८ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला चार्ल्स अ‍ॅडलर यांनी खांबावर मायक्रोफोन बसवला. आडरस्त्यावरून आलेल्यानं थांबायचं, हॉर्न वाजवायचा, की दिवा हिरवा! हसताय, पण आपल्याकडे अजून पुष्कळांची हीच श्रद्धा आहे. मुंबई पोलिसांनी २०२० च्या सुरुवातीला बरोबर उलटं करून दाखवलं. काही सिग्नलांना आवाज मोजायचं यंत्र जोडलं. गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

खरी मजल मारली ती रस्त्यात पुरलेल्या तारेच्या वेटोळ्यानं. वरून गाडी गेली की वेटोळ्यातला विद्युतप्रवाह बदलतो आणि ते संगणकाला कळतं. त्यावर ब्रिटनमध्ये 'स्कूट' आणि सिडनीत 'स्कॅट्स' या पद्धती १९७० च्या दशकात घडल्या. 'स्कूट'ची चाचणी ग्लासगोत झाली. रांग किती वाढेल याचा अंदाज घेऊन 'स्कूट' हिरव्याचे सेकंद थोडे थोडे कमीजास्त करते, शेजारच्या चौकांशी मेळ घालते. विद्या मोठीच, शंका नाही.

पण वेटोळ्याला कळतो तो धातू. बस भरलेली की रिकामी, हे त्याला कळत नाही. पायी चालणारा तर त्याच्या लेखी तिथं नसतोच. उद्दिष्ट काय, तर एकूण खोळंबा कमी करणं. 'एकूण' म्हटलं की आम्हांला बेंथॅम आठवतो. त्याचाही हिशेब बेरजेचाच, पण त्यात प्रत्येक माणूस धरायचा होता. पुढं बसला प्राधान्य द्यायची सोय झाली, पादचाऱ्याला बटण मिळालं, आता कॅमेरेही आले. तरी आधी बेरीज गाड्यांची झाली, माणसं मागाहून त्यात घातली, असंच आमचं मत आहे.

चालणाऱ्याचा वेग हिशेबात साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात. म्हणजे १२ मीटरचा रस्ता १० सेकंदांत. आम्ही आमच्या चौकात मोजून पाहिलं, आम्हांला १४ लागतात. ते वरचे ४ सेकंद आम्ही गाड्यांसमोरून हात आडवा धरून चालतो, नाइटच्या खांबासारखा.