हार्लेममधली सत्तावन्न माणसं

स्टीव्हन स्पीलबर्गचा 'द टर्मिनल' (२००४) आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. टॉम हॅन्क्स विमानतळावर अडकतो, तोच. पण तो मुळात न्यूयॉर्कला कशासाठी आलेला असतो, हे किती जणांच्या लक्षात आहे? (सिनेमा पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या.) त्याच्या वडिलांनी १९५८ साली पेपरात एक फोटो पाहिलेला असतो. जाझ वाजवणाऱ्या सत्तावन्न जणांचा. त्या प्रत्येकाची सही मिळवायचीच, असं वडील ठरवतात आणि उरलेलं आयुष्य पत्रं पाठवत राहतात. छप्पन्न सह्या मिळतात, एक राहते. बेनी गोलसन नावाच्या सॅक्सोफोनवाल्याची. मुलगा ती घ्यायला आलेला असतो.

यातला मुलगा खोटा, त्याचा देशही खोटा. फोटो मात्र अगदी खरा आहे आणि बेनी गोलसनही. सिनेमात त्याचं काम त्यानेच केलंय.

'अ ग्रेट डे इन हार्लेम' या नावाने हा फोटो ओळखला जातो. तारीख १२ ऑगस्ट १९५८, जागा न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातली १२६ वी स्ट्रीट, घर नंबर १७. दगडी घर, रस्त्यावर उतरणाऱ्या पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांवर नि फुटपाथवर दाटीवाटीने उभी राहिलेली माणसं. कोट, टाय, हॅट. जाझमधलं काही कळत नसलं तरी हा फोटो बघत राहावासा वाटतो.

काढणारा होता आर्ट केन, वय ३३. मूळचा मासिकाचा आर्ट डायरेक्टर, फोटोग्राफर म्हणून अगदी नवखा. 'एस्क्वायर' मासिकाला जाझवर विशेष अंक काढायचा होता आणि केनने कल्पना मांडली की न्यूयॉर्कमध्ये जे जे वादक सापडतील त्यांना एका जागी गोळा करू. त्याच्याकडे स्वतःचा स्टुडिओसुद्धा नव्हता! म्हणून मग रस्ता. क्लब, रेकॉर्ड कंपन्या, वादकांची युनियन, सगळीकडे निरोप गेले. वेळ सकाळी दहाची.

आता सकाळी दहा ही काय जाझवाल्यांना बोलवायची वेळ झाली? रात्रभर वाजवून पहाटे चार वाजता घरी जाणारी ही मंडळी. दिवसातून दोनदा दहा वाजतात हे आपल्याला त्या दिवशी कळलं, असं कुणी म्हणाल्याचा किस्सा अजून सांगतात. येतील पाच-दहा जण, असं वाटावं अशी परिस्थिती. आले अठ्ठावन्न!

आणि आल्यावर फोटोसाठी उभं कोण राहतंय? कित्येकांची वर्षानुवर्षांनी भेट होत होती. गप्पा, टाळ्या, गळाभेटी. बिचारा केन पेपरची सुरळी करून तिच्यातून ओरडत होता. काउंट बेसी उभा राहून कंटाळला आणि सरळ फुटपाथच्या कडेला बसला. ते बघून गल्लीतली पोरंही त्याच्या शेजारी ओळीने येऊन बसली. म्हणून जगातल्या सर्वांत प्रसिद्ध जाझ फोटोत पुढच्या रांगेत गल्लीतली डझनभर पोरं आहेत. :)

हे सगळं आपल्याला माहीत आहे ते मिल्ट हिंटन या बास वाजवणाऱ्यामुळे. त्याने सोबत ८ एमएमचा मूव्ही कॅमेरा आणला होता आणि तो बायकोच्या हातात दिला होता. तिने टिपलेली ती दृश्यं जीन बाख यांनी १९९४ च्या आपल्या माहितीपटात वापरली. त्या माहितीपटाला ऑस्करचं नामांकनही मिळालं.

आता तुम्ही म्हणाल, ग्रुप फोटोच तर आहे. त्यात इतिहास तो काय?

तर बघा. यातला सर्वांत म्हातारा माणूस म्हणजे पियानोवाला लकी रॉबर्ट्स, जन्म १८८७. जाझ हा शब्दसुद्धा रूढ व्हायच्या आधीपासून वाजवणारा. सर्वांत तरुणांपैकी एक सॉनी रोलिन्स, जन्म १९३०, म्हणजे फोटोत जेमतेम २७ वर्षांचा (माझ्याच वयाचा की!). मध्ये त्रेचाळीस वर्षांचं अंतर. आणि मधली जवळजवळ प्रत्येक कडी फोटोत हजर आहे. कोलमन हॉकिन्स आहे, ज्याने टेनर सॅक्सोफोनला भारदस्त आवाज दिला. त्याच वाद्यावर अगदी उलटी, हलकी, तरंगती चाल शोधणारा लेस्टर यंग आहे, त्याच्या त्या चपट्या हॅटसकट. हॉकिन्सला रोलिन्स गुरुस्थानी मानायचा. पुढे १९६३ मध्ये दोघांनी मिळून एक अख्खी रेकॉर्ड केली.

ट्रम्पेटचंही तसंच. फोटोत डिझी गिलेस्पी जीभ काढून कुणाला तरी चिडवतोय आणि पुढे उभा असलेला रॉय एल्ड्रिज मान वळवून मागे बघतोय. वरवर गंमत. पण डिझी सुरुवातीला ज्याची हुबेहूब नक्कल करत शिकला, तो हाच एल्ड्रिज! पुस्तकात 'स्विंग' एक प्रकरण आणि 'बीबॉप' पुढचं प्रकरण, मध्ये जणू भिंत. इथे मात्र चेला उस्तादाला जीभ दाखवतोय आणि उस्तादालाही ते चालतंय. घराणं म्हणजे काय ते एका फ्रेममध्ये कळतं.

थेलोनियस मंकची गोष्ट आणखी मजेदार. बाकीचे गडद कपडे घालून येणार हा अंदाज बांधून तो फिक्या रंगाचं जॅकेट घालून आला, तोही उशिरा. आणि नजर आपोआप जाईल म्हणून मेरी लू विल्यम्स आणि मारियन मॅकपार्टलंड या दोघींच्या शेजारी उभा राहिला. सत्तावन्नमध्ये बायका फक्त तीन. तिसरी गायिका मॅक्सीन सलिव्हन. मेरी लू मात्र तिथे शोभेसाठी नव्हती. १९४० च्या दशकात हार्लेममधल्या तिच्या घरी मंक, डिझी, बड पॉवेल असे तरुण जमायचे, ऐकवायचे, शिकायचे. म्हणजे मंक 'बायकांशेजारी' उभा होता म्हणण्यापेक्षा आपल्या थोरल्या ताईशेजारी उभा होता, हे जास्त खरं.

पण हा फोटो फक्त गोड नाही. न्यूयॉर्कच्या क्लबात वाजवायला तेव्हा पोलिसांकडून कार्ड लागायचं. मंकचं कार्ड १९५१ मध्ये काढून घेतलं आणि १९५७ मध्ये परत मिळालं. उमेदीची सहा वर्षं आपल्याच शहरातल्या क्लबात वाजवायला बंदी! या फोटोनंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर १९५८ मध्ये, डेलावेअरमध्ये पोलिसांनी त्याला मारहाण केली. ऑगस्ट १९५९ मध्ये माइल्स डेव्हिस बर्डलंड क्लबबाहेर ब्रेकमध्ये उभा होता. आत कार्यक्रम त्याचाच. तिथल्या फुटपाथवर पोलिसांनी त्याचं डोकं फोडलं. फुटपाथवर नुसतं उभं राहण्याची ही किंमत असलेल्या काळात इतकी कृष्णवर्णीय माणसं, सोबत जीन क्रुपा आणि जेरी मलिगनसारखे गोरे वादक, भरदिवसा रस्ता अडवून हसत उभी आहेत. वाद्यं जवळपास दिसतच नाहीत. कुणाचं मनोरंजन चाललेलं नाही. माझ्या मते या फोटोची खरी ताकद ही आहे.

अजून एक खटकणारी गोष्ट. वर मी अठ्ठावन्न म्हटलं आणि फोटोत सत्तावन्न, हा हिशोब जुळत नाही. राहिला तो विली 'द लायन' स्मिथ. जुना, मानाचा पियानोवाला. उभं राहून दमला म्हणून शेजारच्या घराच्या पायरीवर जाऊन टेकला आणि नेमकी तेव्हाचीच फ्रेम मासिकाने निवडली. संपला विषय! तसे ड्यूक एलिंग्टन, लुई आर्मस्ट्राँग, बिली हॉलिडे, माइल्स, कोल्ट्रेन हेही यात नाहीत. पण त्यांना काय फरक पडतो? त्यांची नावं तशीही राहणारच होती. या फोटोने तारलं ते दुसऱ्यांना. ज्यांची रेकॉर्ड आज कुणी मुद्दाम शोधणार नाही, अशा कितीतरी जणांची नावं लोक केवळ 'हा तिसऱ्या पायरीवरचा कोण?' म्हणून शोधून काढतात. आपण डेटाबेसचा स्नॅपशॉट घेतो ना, तसंच हे. त्या क्षणी जो आत तो कायमचा आत, आणि दोन मिनिटं टेकायला गेलेला बाहेर.

अंक जानेवारी १९५९ मध्ये आला. मार्चमध्ये लेस्टर यंग गेला. मग एकेक करत बाकीचे. १९९८ मध्ये ज्येष्ठ फोटोग्राफर गॉर्डन पार्क्स यांनी त्याच घरासमोर दीडशेहून जास्त हिप-हॉप कलाकार उभे केले आणि तसाच फोटो काढला. म्हणजे नव्या पोरांनाही इतिहासात नाव नोंदवायचं तर हीच पायरी लागली. बेनी गोलसन सप्टेंबर २०२४ मध्ये गेला, पंच्याण्णव वर्षांचा होऊन.

असो. या वीकेंडला पंधरा मिनिटं असतील तर फोटो मोठा करून बघा. अनोळखी असा एकच चेहरा निवडा, त्याचं नाव शोधा आणि त्याचं काहीतरी ऐका. सत्तावन्नमधला कुणीही चालेल. आणि अठ्ठावन्नाव्याचंही ऐका. तो फोटोत नसला तरी रेकॉर्डवर आहे.