राब आणि विळा

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत पावसापूर्वीं राब भाजतात. फांद्या व पालापाचोळा वाफ्यावर जाळावयाचा आणि त्या राखेंत नागलीचें, भाताचें बीं पेरावयाचें. जव्हार हें तेव्हां मुकण्यांचें संस्थान होतें. मोखाडा इंग्रजी ठाणें जिल्ह्यांत होता. तेथें 1878 च्या जंगल कायद्यानें राखीव रानांतली फांदी तोडणें हा गुन्हा ठरला. कोयता-कुऱ्हाड जप्त करावी, किंवा रक्कम घेऊन गुन्हा मिटवावा, अशी अंमलदारांस मुभा होती. मुकाट्यानें पैसे भरले कीं कोर्टांत कांहींच दिसावयाचें नाहीं! तरी ओरड इतकी झाली कीं, 1885 सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांच्या गाऱ्हाण्यांसाठीं सरकारास जंगल कमिशन नेमावें लागलें.

पुढें वऱ्हाडांत निराळा मार्ग निघाला. 10 जुलै 1930 रोजीं बापूजी अणे यांनीं पुसद येथें राखीव रानांतलें गवत उघडपणें कापलें. गवताची किंमत ती काय! पण गरिबाचा दंड त्याच्या झोंपडींतच जिरतो. नामांकित वकिलानें दिवसाढवळ्या विळा चालविला म्हणजे पंचाईत सरकारची होते. हें लोण कोंकणांतही आलें. 25 सप्टेंबरला कुलाबा जिल्ह्यांत, उरणजवळच्या चिरनेरास, जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. गांवकरी पडले, आणि त्यांच्याबरोबर सरकारचे मामलेदारही.